पायरीपाशी अडलेली स्वच्छता

२०१६ च्या सप्टेंबर महिन्यात केंद्र सरकारने देशातील पंचाहत्तर जिल्ह्यांच्या ग्रामीण स्वच्छतेच्या पाहणीचे निष्कर्ष प्रसिद्ध केले, तेव्हा सपाट प्रदेशातील जिल्ह्यांत सिंधुदुर्गाचा क्रमांक पहिला लागला. डोंगराळ प्रदेशात हिमाचलातील मंडी जिल्ह्याने तोच मान मिळविला होता. १ मे १९८१ रोजी रत्नागिरीपासून वेगळा झालेल्या आणि ओरोसच्या माळावर आपली सिंधुदुर्गनगरी उभारणाऱ्या या लहानशा जिल्ह्याच्या दृष्टीने ही घटना अभिमानाची होती, आणि तो अभिमान अनाठायी नव्हता. संत गाडगेबाबांच्या नावाने २००० साली महाराष्ट्रात ग्रामस्वच्छतेचे अभियान सुरू झाले तेव्हापासून येथील गावांनी त्यात मनापासून भाग घेतला होता. सरकारी अनुदानाच्या बारा हजार रुपयांत पदरचे पैसे घालून अनेक कुटुंबांनी चिऱ्याचे पक्के शौचालय बांधले. उघड्यावर जाणे हे कमीपणाचे आहे, ही जाणीव येथे सक्तीपेक्षा समजुतीने रुजली.

परंतु अशा प्रत्येक मोजणीचे एकक घर असते, माणूस नसतो. घरामागे एक शौचालय उभे राहिले की त्या घरापुढे खूण होते आणि मोजणारा पुढच्या घराकडे वळतो. त्या घरात चार-सहा वर्षांचे एखादे मूल असेल, त्याचे पाय जन्मापासून ताठर असतील, त्याला उकिडवे बसता येत नसेल, तर बांधलेले शौचालय त्याच्या लेखी असून नसल्यासारखेच राहते. या मुलाला शौचाची सवय कशी लावावी, हा प्रश्न आजवर त्याच्या आईचा खासगी प्रश्न मानला गेला आहे. वस्तुतः तो आरोग्याचा, शिक्षणाचा आणि सार्वजनिक बांधकामाचाही प्रश्न आहे. सर्वांत स्वच्छ म्हणून गौरविलेल्या जिल्ह्याने तो आपला मानावा, ही अपेक्षा गैरवाजवी ठरू नये.

कुडाळ वा मालवण तालुक्यातील एखादे सामान्य घर डोळ्यांपुढे आणावे. पुढे खळे, मग पडवी, माजघर, स्वयंपाकघर आणि मागील दार. मागील दाराबाहेर न्हाणी, आणि तिच्याही पलीकडे, गडग्याच्या आश्रयाने, शौचालय. कोकणातल्या पावसाचा विचार करून त्याचे जोते उंच घेतलेले असते, म्हणून त्याला दोन-तीन पायऱ्या असतात. दार जेमतेम दोन-अडीच फुटांचे. आत जमिनीत बसविलेले भांडे, एका अंगाला पाण्याची बादली. धरायला भिंतीखेरीज काही नाही. निरोगी माणसाला यात काहीच खटकत नाही. पण मुलाला काखोटीला मारून, जुलैच्या पावसात, शेवाळलेल्या वाटेने, डोक्यावर इरले किंवा छत्री सावरीत त्या पायऱ्या चढणाऱ्या आईला त्यातली प्रत्येक गोष्ट खटकते. आत गेल्यावर मुलाला दोन्ही हातांनी धरून ठेवायचे, की त्याचे कपडे सोडायचे, की पाणी घ्यायचे, हे तिला ठरवता येत नाही, कारण तिला हात दोनच असतात. घरचा कर्ता पुरुष पुष्कळदा मुंबईला, नाही तर गोव्याला नोकरीत. सासू वयोवृद्ध. मूल दरवर्षी वाढते आणि त्याबरोबर त्याचे वजनही. चौथ्या वर्षी जे उचलणे सहज होते, ते दहाव्या वर्षी कमरेवर बेतते. अखेर ती माउली नाइलाजाने सोपा मार्ग पत्करते. मुलाला शौचालयाकडे नेणे थांबते. अंथरुणावर जुन्या लुगड्यांची धडपी येतात, आणि पावसाळ्याचे चार महिने ती चुलीच्या उबेवर वाळत राहतात.

मौनाची किंमत

या हकिगतीत कोणाची निष्ठुरता नाही, हेच तिचे वैशिष्ट्य. तिच्या मुळाशी आहे ते मौन. देहधर्माविषयी चारचौघांत बोलू नये हा आपल्याकडचा संस्कार आहे, आणि एरवी तो गैर म्हणता येणार नाही. पण ज्या घरात या विषयावाचून दिवस उगवत नाही आणि मावळत नाही, त्या घराला हे मौन फार महागात पडते. मुलाला चालता कधी येईल, हे आईबाप डॉक्टरांना विचारतात. ते बोलेल का, हेही विचारतात. शी-शूचे विचारण्याची भीड पडते. डॉक्टरही आपण होऊन विचारीलच असे नाही. मग शेजारणीच्या अनुभवावर आणि नशिबाच्या हवाल्यावर काम भागविले जाते.

या मौनातून दोन गैरसमज वाढतात, आणि ते एकमेकांच्या अगदी विरुद्ध आहेत. पहिला असा की, ज्या मुलाचे हातपाय त्याच्या ताब्यात नाहीत त्याला या बाबतीत काही कळणारच नाही. तेव्हा प्रयत्न व्यर्थ आहे. दुसरा असा की, मुलाला सारे कळते, पण ते हट्टी आहे. चार फटके दिले की ठिकाणावर येईल. पहिल्या समजुतीमुळे मूल कायमचे तान्हे राहते, दुसरीमुळे ते भेदरते. दोन्ही समजुती शास्त्राला धरून नाहीत.

जन्माच्या सुमारास मेंदूला इजा झाल्याने ज्यांच्या हालचालींवर परिणाम होतो, अशा मुलांच्या विकाराला सेरेब्रल पाल्सी म्हणतात. अशा सहाशे एक मुलामुलींचा नेदर्लंड्समध्ये केलेला एक अभ्यास २००१ साली प्रसिद्ध झाला. शरीराची एकच बाजू किंवा प्रामुख्याने पाय ताठर असलेल्या मुलांपैकी ऐंशी टक्के मुलांना वयाच्या सहाव्या वर्षापर्यंत लघवीवर ताबा मिळाला होता. ज्यांचे चारही अवयव ताठर होते, त्यांच्यातही हे प्रमाण चोपन्न टक्के होते. याचा अर्थ स्पष्ट आहे. या मुलांना ताबा उशिरा मिळतो, काहींना मिळत नाही. पण बहुसंख्यांना तो मिळू शकतो. ज्यांच्याबाबत समाजाने आशा सोडून दिलेली असते, त्यांच्यातील निम्म्याहून अधिक मुले त्या आशेला पात्र असतात. मात्र ताबा आलेल्या मुलाला बसायला जागा नसेल, किंवा सांगायला शब्द नसेल, तर त्या ताब्याचा उपयोग होत नाही.

बसणे ही पहिली पायरी

शौचाची सवय लावणे म्हणजे काय, याचा थोडा खोलात जाऊन विचार केला पाहिजे. निरोगी मुलाच्या बाबतीत ही गोष्ट इतकी नकळत घडते की तिच्यात किती कौशल्ये गुंतलेली आहेत याचा विसर पडतो. पोटातली सूचना ओळखणे, ती काही वेळ थोपविणे, कोणाला तरी सांगणे, तिथवर पोहोचणे, कपडे सोडणे, तोल सांभाळून बसणे, स्नायू सैल सोडणे, स्वच्छ होणे, पुन्हा कपडे घालणे. यांतील एक दुवा कच्चा असला तरी साखळी तुटते. अपंग मुलाच्या बाबतीत शहाणपणाचा मार्ग हा, की नेमका कोणता दुवा कच्चा आहे ते शोधावे आणि तेवढ्यालाच आधार द्यावा.

बहुतेक वेळा तो दुवा बसण्याचा असतो. ज्याचा तोल राहत नाही अशा मुलाला आधाराविना बसविले की पडण्याच्या भीतीने त्याचे सर्व अंग ताठ होते. जे स्नायू त्या क्षणी सैल पडायला हवेत, तेच आवळले जातात. दहा मिनिटे बसवूनही काही होत नाही. परत अंथरुणावर निजविले, अंग सैलावले, की लगेच होते. आईला हा खोडसाळपणा वाटतो. प्रत्यक्षात तो शरीराचा साधा नियम असतो. त्यावरचा उपायही साधा आहे. मुलाच्या मापाची, मध्ये भोक असलेली खुर्ची. पाठीला आणि दोन्ही कुशींना आधार. पुढे धरायला आडवा दांडा. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे पाय लोंबकळू न देता पुरते टेकतील असा पाट. गुडघे कमरेपेक्षा किंचित वर आले की पोटावर आपोआप दाब येतो आणि काम सोपे होते. अशी खुर्ची जमिनीतल्या भांड्यावर ठेवता येते, नाही तर खाली डबा ठेवून न्हाणीतही वापरता येते. तिच्यासाठी परदेशी कारखान्याची गरज नाही. ज्या जिल्ह्यातील सावंतवाडीच्या लाकडी खेळण्यांचा लौकिक देशभर आहे, त्या जिल्ह्यातील सुताराला माप आणि हेतू समजावून सांगितला, तर ती एका दिवसात तयार होऊ शकेल. फक्त सुताराला हेतू सांगण्याची लाज सोडली पाहिजे.

दुसरा दुवा वेळेचा. जेवणानंतर आतड्यांची हालचाल वाढते, म्हणून न्याहारीनंतर पंधरा ते तीस मिनिटांनी मुलाला बसवावे; पाच-दहा मिनिटांहून अधिक नव्हे. आठवडाभर मूल केव्हा ओले होते, केव्हा कोरडे राहते, याची कॅलेंडरवर साधी नोंद ठेवली, तर प्रत्येक मुलाचे स्वतःचे वेळापत्रक उघड होते. दीड-दोन तास ते कोरडे राहू लागले, तर लघवी साठवून ठेवण्याची शक्ती त्याला आली आहे असे समजावे. नेमाने तेवढ्या अंतराने बसविणे आणि झाले की कौतुक करणे, न झाले तर काहीच न बोलणे, एवढेच पथ्य. ते काही आठवड्यांचे नसून कित्येकदा महिन्यांचे आणि वर्षांचे असते. धीर सुटू न देणे हेच त्यातले खरे कसब होय.

तिसरा दुवा बद्धकोष्ठाचा. हालचाल कमी, पाणी कमी, चावण्याचा त्रास म्हणून अन्न मऊ आणि चोथारहित; अशा मुलांत बद्धकोष्ठ अतिशय आढळते. कडक शौचाच्या वेदनेमुळे मूल ते रोखून धरते, आणि रोखल्याने ते अधिकच कडक होते. कधी कधी साठलेल्या मळाच्या कडेने पातळ शौच झिरपते आणि घरातली माणसे त्याला जुलाब समजून उलटाच उपाय करतात. भरलेल्या आतड्याचा मूत्राशयावर दाब पडून लघवीचा ताबाही सुटतो. म्हणून सवय लावण्याआधी पोट साफ होणे अगत्याचे असते. त्यासाठी डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. पण रोजचा पाया स्वयंपाकघरातच आहे. सकाळची पेज, भरपूर पाणी, मऊ शिजवलेली पालेभाजी, पिकलेले केळे, पपई या वस्तू कोकणातल्या घरी दुर्मीळ नाहीत.

चौथा दुवा सांगण्याचा. ज्या मुलाला बोलता येत नाही त्याला सांगावयाचे काही नसते, असे मानण्याची चूक सर्वत्र होते. पोटावर हात ठेवणे, एक विशिष्ट आवाज, अंथरुणाशी टांगलेली घंटी, भिंतीवरचे एक चित्र, यांपैकी कोणतीही एक खूण ठरवावी. मात्र ती घरातल्या सर्वांना आणि शाळेतल्या बाईंनाही ठाऊक असली पाहिजे. एकदा ती खूण करून ऐकले गेले नाही, दोनदा ऐकले गेले नाही, तर तिसऱ्यांदा मूल ती करीत नाही.

जेथे सवय लागत नाही

येथे एक महत्त्वाचा भेद सांगणे आवश्यक आहे. सर्वच अपंग मुलांना केवळ सवयीने हा ताबा येत नाही. ज्यांच्या पाठीचा कणा जन्मतः दुभंगलेला असतो, त्या विकाराला स्पायना बिफिडा म्हणतात. या मुलांची बुद्धी बहुधा उत्तम असते. काही जण चालतातही. पण मूत्राशयाकडे आणि आतड्याकडे जाणाऱ्या मज्जातंतूंतच दोष असल्याने सूचना मेंदूपर्यंत पोहोचत नाही. अशा मुलाला आळशी वा घाणेरडे म्हणणे हे आंधळ्याला नीट पाहत नाही म्हणून रागे भरण्यासारखे आहे.

यात केवळ कपडे ओले होण्याचा प्रश्न नाही. मूत्राशय पुरते रिकामे न झाल्यास त्यातील दाब वाढतो, लघवी उलट मूत्रपिंडाकडे चढते, वारंवार जंतुसंसर्ग होतो आणि काही वर्षांत मूत्रपिंडे निकामी होऊ शकतात. अमेरिकेतील मिशिगन विद्यापीठाचे डॉ. जॅक लॅपिडिस यांनी १९७० च्या दशकाच्या आरंभी या बाबतीत एक क्रांतिकारक साधेपणा आणला. दर काही तासांनी पातळ नळी घालून मूत्राशय रिकामे करावे, आणि त्यासाठी शस्त्रक्रियागृहातल्या निर्जंतुकतेची आवश्यकता नसून साबणाने धुतलेले हात आणि स्वच्छ नळी पुरेशी आहे, असे त्यांनी दाखवून दिले. आरंभी त्यांच्यावर टीका झाली. नंतर जगभर ती पद्धत मान्य झाली आणि असंख्य मुलांची मूत्रपिंडे वाचली. आई ही पद्धत शिकू शकते, आणि सहा-सात वर्षांचे समजूतदार मूल ती स्वतः करू लागते. ज्याला सवय लागणार नाही असे म्हटले जाते, ते मूल घड्याळ पाहून आपले काम आपण करते. सवय लागणे याचा याहून चांगला अर्थ दुसरा कोणता असेल?

मात्र हे शिकविणारे कोणी तरी हवे. सिंधुदुर्गातला रुग्ण मोठ्या उपचारांसाठी आजवर बांबोळी किंवा कोल्हापूर गाठीत आला आहे. शस्त्रक्रिया तेथे होईल. पण नळी कशी धुवावी, खुर्ची कशी करावी, हे वर्षानुवर्षे विचारायला घराजवळचे माणूस लागते.

शाळेतले सहा तास

घरातली लढाई जिंकलेले मूल शाळेच्या दारात हरते, ही त्याहून दुःखाची गोष्ट. शाळेत चढण्याला उतार बांधला, पुस्तके फुकट दिली, पण सहा तासांत एकदाही शौचालयात जाता आले नाही, तर ते मूल शाळेत टिकत नाही. त्यातही मुलींची परवड अधिक. शाळेत जावे लागू नये म्हणून सकाळपासून पाणी न पिणे हा त्यांनी शोधलेला उपाय आहे, आणि त्यातून पुन्हा बद्धकोष्ठ आणि मूत्रमार्गाचे विकार उद्भवतात. पाळी सुरू झाली की अनेकींची शाळाच संपते. पटावर गैरहजेरीचे कारण आजारपण असे लागते.

कायद्यात काही उणे नाही. १ एप्रिल २०१० पासून अमलात आलेल्या शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात मुलामुलींसाठी स्वतंत्र स्वच्छतागृहे आणि अडथळाविरहित प्रवेश या दोन्ही गोष्टी आहेत. २०१६ च्या अपंग हक्क कायद्याने शाळेची इमारत आणि तिथल्या सोयी या मुलांना वापरता येतील अशा असाव्यात, हे बंधन घातले. अशा सोयींचे निकष केवळ शिफारशीपुरते न राहता बंधनकारक असले पाहिजेत, असे सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२४ मध्ये राजीव रातुरी खटल्यात निक्षून सांगितले. शाळांच्या वार्षिक माहितीच्या नमुन्यात अपंगांना वापरता येणाऱ्या स्वच्छतागृहाचा स्वतंत्र रकानाही आहे. पण रकान्यात ‘आहे’ असे लिहिलेल्या स्वच्छतागृहाला कुलूप असेल, त्यात खराटे आणि मोडकी बाके ठेवली असतील, नळाला पाणी नसेल, तर त्या ‘आहे’ला अर्थ उरत नाही. २०१५ नंतर सरकारी कागदांतून ‘अपंग’ शब्द जाऊन ‘दिव्यांग’ शब्द आला. शब्द रुंदावला हे चांगलेच झाले. आता दारही रुंदावले पाहिजे. चाकाची खुर्ची आत जायला नव्वद सेंटिमीटरचे मोकळे दार लागते, आणि ते कोणत्याही परिपत्रकाने आपोआप रुंदावत नाही.

२०१२ च्या दुरुस्तीने तीव्र अपंगत्व असलेल्या मुलांना घरी राहून शिकण्याचा हक्क दिला. ज्यांना खरोखरच घराबाहेर पडणे अशक्य आहे, त्यांच्यासाठी तो आधार आहे. पण ज्या मुलाची एकमेव अडचण शौचालयाची आहे, त्यालाही याच तरतुदीखाली घरी बसविले, तर हक्काच्या नावाखाली त्याला शाळेबाहेर काढल्यासारखे होईल. हे भय काल्पनिक नाही. १९७० साली न्यूयॉर्क शहरात पोलिओग्रस्त ज्युडिथ ह्यूमन या तरुणीने शिक्षिकेच्या परवान्यासाठी अर्ज केला, तेव्हा तिची वैद्यकीय तपासणी करणाऱ्या डॉक्टरने ती शौचालयात कशी जाते याचीच चौकशी केली, आणि परवाना नाकारण्यात आला. ती न्यायालयात गेली आणि तिला परवाना मिळाला. पुढे ती अपंगांच्या हक्कांच्या चळवळीची जगन्मान्य नेता झाली. शौचालयाचा प्रश्न हा अपात्र ठरविण्याचे निमित्त कसा होतो, याचे हे बोलके उदाहरण होय.

महाराष्ट्राने या क्षेत्रात वाट दाखविणारी माणसे दिली आहेत. मुंबईत डॉ. मिथू अलूर यांनी १९७२ साली स्पॅस्टिक्स सोसायटीची स्थापना केली, ती मुळात आपल्या मुलीला शाळा मिळेना म्हणून. वयाच्या सोळाव्या वर्षी कमरेखालचे शरीर लुळे पडलेल्या नसीमा हुरजूक यांनी १९८४ साली कोल्हापुरात ‘हेल्पर्स ऑफ दि हँडिकॅप्ड’ ही संस्था उभी केली. ‘चाकाची खुर्ची’ हे त्यांचे आत्मकथन मराठी वाचकांना परिचित आहे. त्याच संस्थेने सिंधुदुर्गात काजूप्रक्रियेचा ‘स्वप्ननगरी’ प्रकल्प आणला. चाकाच्या खुर्चीवरचा कामगार दिवसभर काम करू शकतो, पण शौचालयात त्याला खुर्चीसह शिरता येत असेल तरच. रोजगाराचा प्रश्नही शेवटी त्याच दारापाशी येतो.

ओरोसला काय करता येईल

सिंधुदुर्गनगरीत जिल्हा परिषद आहे, जिल्हाधिकारी कार्यालय आहे, जिल्हा रुग्णालय आहे आणि आता शासकीय वैद्यकीय महाविद्यालयही आहे. एवढी सत्ता आणि विद्या एका माळावर चालत जाण्याच्या अंतरात एकत्र आल्याचे भाग्य फार थोड्या जिल्ह्यांना लाभते. जिल्हा आकाराने लहान. २०११ च्या जनगणनेत लोकसंख्या साडेआठ लाखांच्या आत. येथे अशा मुलांची यादी गाववार करणे अशक्य नाही. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ साली महाराष्ट्रातल्याच पालघरला सुरू झाला. त्याची पथके अंगणवाड्यांत वर्षातून दोनदा आणि शाळांत एकदा जातात, आणि जिल्हा पातळीवर शीघ्र हस्तक्षेप केंद्र असावे अशी त्याची रचना आहे. या पथकाने वजन-उंचीबरोबर आणखी दोनच प्रश्न विचारावेत: मूल शौचाला कोठे बसते, आणि त्याला कोण धरते? उत्तरांतून कोणत्या घरी खुर्ची हवी, कोणत्या घरी कठडा हवा आणि कोणत्या मुलाला तातडीने मूत्रविकारतज्ज्ञाकडे न्यायला हवे, हे कळून येईल.

पैशांची सबब येथे फारशी टिकणारी नाही. ग्रामपंचायतींनी आपल्या स्वनिधीतील पाच टक्के रक्कम अपंगांच्या कल्याणावर खर्च करावी, असा दंडक आहे. त्या रकमेचे सरसकट समान वाटप करून मोकळे होण्याची वृत्ती सोडली, तर एका कठड्याचा, एका उताराचा, एका खुर्चीचा खर्च त्यातून निघू शकेल. अपंगांसाठी घरगुती शौचालय कसे असावे याची सचित्र पुस्तिका केंद्रीय पेयजल व स्वच्छता मंत्रालयाने २०१५ सालीच काढली आहे. नव्याने शोधायचे असे काही राहिलेले नाही.

अधिक कठीण आहे ते माणसांचे काम. शाळेत अशा मुलाला शौचालयात नेणार कोण? शिक्षिकेवर हे काम लादणे योग्य नाही, आणि आईने रोज दिवसभर शाळेच्या पडवीत बसून राहावे अशी अपेक्षा करणे हा तिच्यावर अन्याय आहे. मोलमजुरी करणाऱ्या स्त्रीला ते परवडतही नाही. जेथे असे मूल आहे तेथे प्रशिक्षित मदतनीस, मुलीसाठी स्त्री मदतनीस, हाच सरळ मार्ग आहे. मुलाला कसे उचलावे, त्याची लाज कशी राखावी, त्याच्या परवानगीवाचून अंगाला हात लावू नये, हे त्या मदतनिसाला शिकविले पाहिजे. पराधीन मुलाचा गैरफायदा घेतला जाण्याचा धोका याच ठिकाणी सर्वांत अधिक असतो, हे कटू असले तरी खरे आहे.

इतक्या थोड्या मुलांसाठी एवढी यातायात कशाला, असा एक व्यवहारी आक्षेप घेतला जाईल. त्याला एक व्यवहारी उत्तरही आहे. तरुण मंडळी मुंबईला आणि म्हातारी मंडळी गावी, अशी या जिल्ह्यातील कितीतरी घरांची स्थिती आहे. गुडघे धरलेली आजी, पक्षाघाताने एक बाजू गेलेले आजोबा, दिवस भरत आलेली सून, या सर्वांना तोच कठडा, तोच उतार आणि तीच खुर्ची लागते. अपंग मुलासाठी सुधारलेले शौचालय अखेर साऱ्या घराला उपयोगी पडते. पण हे उत्तर दिले नाही तरी चालण्यासारखे आहे. एका मुलापुरतीही ही सोय करावी लागली, तरी ती करणे समाजाचे कर्तव्यच ठरते; त्यासाठी इतरांच्या लाभाची साक्ष काढण्याचे कारण नाही.

मुलाला सवय लावायची, म्हणजे त्याने काळवेळ पाहून, योग्य जागी, लाज राखून आपला देहधर्म उरकावा असे शिकवायचे. त्यासाठी काळवेळ पाहणारे घर हवे, योग्य जागा बांधणारी पंचायत हवी आणि त्याची लाज राखणारी शाळा हवी. ही सवय आधी वडीलधाऱ्यांना लागली पाहिजे. सिंधुदुर्गाने उघड्यावर जाण्याची पिढ्यान्‌पिढ्यांची सवय थोड्या वर्षांत मोडून दाखविली. नवी सवय लावून घेणे त्याला जड जाऊ नये. पुढच्या पाहणीचे पथक येईल तेव्हा ते पुन्हा घरेच मोजील. जिल्ह्याने मात्र त्याआधी आपल्यापुरते एकदा मुले मोजावीत. ज्या आईच्या हातातले ओझे त्यामुळे कमी होईल, तिला कोणत्या क्रमांकाचे प्रमाणपत्र मिळाले हे विचारण्याची गरज पडणार नाही.